शिक्का आधी, युक्तिवाद मागाहून

गोंदिया जिल्ह्यात जोडप्याच्या निष्ठेचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. धानाच्या बांधीत नाहीतर एखाद्या मामा तलावाच्या काठी सारसाची जोडी उभी असते. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ याच भागात. जोडीतला एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, अशी त्यांची ख्याती. तेव्हा समलिंगी विवाहाचा विषय निघाला की सारसाला साक्षीला उभं करणं अगदी सोपं असतं. निसर्गानं नर आणि मादीची जोडी घातली, बाकी सगळं अनैसर्गिक. वाद संपला.

खरं तर वाद सुरूच झालेला नसतो. एक शब्द आला आणि त्यानं निकाल देऊन टाकला, एवढंच घडलेलं असतं. समलिंगी विवाहाच्या चर्चेत असे शब्द दोन्ही बाजूंना भरपूर आहेत : अनैसर्गिक, विकृती, पाश्चात्त्य थेर, शहरी चोचले; आणि समोरून बुरसटलेले, समलिंगीद्वेष्टे, प्रतिगामी. हे शब्द नेमकं काम कसं करतात, ते एकेक सोडवून पाहू.

साधा शब्द वस्तूचं नाव सांगतो. शिक्का नाव सांगता सांगता निकालही सांगतो. नगरपालिकेनं नाल्याकाठची काही घरं पाडली, तर एक वर्तमानपत्र लिहितं ‘अतिक्रमण हटवले’, दुसरं लिहितं ‘गरिबांचे संसार उघड्यावर’. घटना एकच. पण पहिला मथळा वाचताना घरमालक आधीच गुन्हेगार ठरलेला असतो आणि दुसरा वाचताना नगरपालिका. जागा कुणाच्या नावावर होती, नोटीस दिली होती का, हे प्रश्न दोन्हीकडे गळून पडतात. शिक्क्याचं सगळं बळ या गळून पडलेल्या प्रश्नांत असतं.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच. न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले आहेत आणि शब्दाच्या आडून प्रतिपक्षाला गाठण्याला ‘छल’ असं नाव देऊन त्याचे तीन प्रकारही नोंदवले आहेत. पश्चिमेत जेरेमी बेन्थमनं १८२४ साली आलेल्या आपल्या तर्कदोषांच्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला : जे सिद्ध करायचं तेच नावात आधी भरून ठेवायचं, ही एक स्वतंत्र लबाडी आहे. या बेन्थमची एक गोष्ट इथं सांगण्याजोगी. त्यानं १७८५च्या सुमारास समलिंगी संबंधांना शिक्षा नसावी असा दीर्घ निबंध लिहिला होता. तो त्यानं छापला मात्र नाही. निबंध प्रसिद्ध झाला १९७८ साली. शिक्क्यांची कुंडली मांडणारा माणूससुद्धा त्या शिक्क्याच्या धाकानं गप्प बसला, आणि तो धाक जवळजवळ दोनशे वर्षं पुरला.

शिक्का तपासायचा कसा? मी तीन गोष्टी विचारतो. हा शब्द खरा ठरायला काय खरं असावं लागेल? वापरणारा माणूस तोच नियम इतरत्र लावतो का? आणि शब्द बाजूला काढला तर खाली कुठला प्रश्न उरतो?

‘अनैसर्गिक’पासून सुरुवात करू, कारण हा शब्द नुसता बोलण्यातला नव्हता, तो कायद्यात होता. भारतीय दंडविधान १८६०चं, ते लागू झालं १ जानेवारी १८६२ला. त्यातल्या कलम ३७७नं ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना शिक्षा ठेवली. निसर्गक्रम म्हणजे काय, ते कायद्यानं कुठंही सांगितलं नाही. मग न्यायालयांना ते ठरवावं लागलं. १९२५ साली सिंधच्या न्यायालयात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, खानू नावाच्या आरोपीच्या खटल्यात कसोटी निघाली ती अशी : ज्या संबंधातून गर्भधारणा होण्याची शक्यता असते तो नैसर्गिक. कसोटी ऐकायला नीटनेटकी आहे. पण साठीतलं जोडपं, वांझपणाचं दुःख सोसणारं जोडपं, कुटुंबनियोजनाच्या सरकारी जाहिराती ऐकून साधनं वापरणारं जोडपं, या सगळ्यांना ती एका झटक्यात निसर्गाबाहेर काढते. त्यांना कुणी कधी अनैसर्गिक म्हटलं नाही. म्हणजे दुसऱ्याच प्रश्नावर शब्द अडखळला. नियम सगळ्यांना लावायचा नव्हताच. आधी माणसं निवडली आणि मग नियम शोधला.

राहिला पहिला प्रश्न, निसर्गात खरोखर काय चालतं. त्यासाठी नागझिऱ्यासारखी जागा बरी. १९७०चं अभयारण्य, २०१३च्या डिसेंबरपासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. इथल्या वानरांचं, म्हणजे हनुमान लंगुरांचं, उदाहरण घेऊ. हुप्प्या आणि त्याच्याभोवती माद्यांचा कळप आपण रोज बघतो आणि आपल्या मनातल्या कुटुंबाचं चित्र त्यावर चिकटवतो. याच जातीच्या वानरांचा जोधपूरला वर्षानुवर्षं अभ्यास झाला. मादीनं मादीवर आरूढ होणं तिथं वारंवार नोंदलं गेलं आणि त्यावरचा शोधनिबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. माकडांबद्दलचं अलीकडचं संशोधन २०२३चं आहे. प्वेर्तो रिकोजवळच्या एका बेटावरच्या ऱ्हीसस माकडांत २३६ नरांपैकी ७२ टक्के नर दुसऱ्या नराशी असं वागताना दिसले. मादीशी तसं वागताना दिसले ४६ टक्के. ही माकडं मूळची आपल्याकडचीच, १९३८ साली हिंदुस्थानातून जहाजानं नेलेल्यांची पुढची पिढी.

इथं समलिंगी हक्कांचे समर्थक टाळी वाजवतात. थांबा जरा. याच हनुमान लंगुरांबद्दल धारवाडच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकानं साठच्या दशकात दुसरी गोष्ट पाहिली. नवा हुप्प्या कळप ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या हुप्प्याची तान्ही पिल्लं मारून टाकतो. तेही नैसर्गिकच. नागझिऱ्याचे रानकुत्रे घ्या, ज्यांच्यासाठी लोक मुद्दाम इथं येतात. त्यांच्या टोळीत बहुधा एकच जोडी विते आणि बाकीचे दुसऱ्याच्या पिल्लांना खाऊ घालत राहतात. तेही नैसर्गिक. आणि आपला सारस? उत्तर भारतातल्या शेतांत के. एस. गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारसांच्या नोंदी ठेवल्या, त्यांत जोड्यांबरोबर काही थोडी त्रिकुटंही सापडली : तीन प्रौढ पक्षी मिळून एक हद्द राखणारे, एकत्र साद घालणारे, पिल्लू वाढवणारे. निष्ठेचं प्रशस्तिपत्र आपण लिहिलं, सारसानं ते मागितलं नव्हतं.

म्हणजे निसर्गाकडून दोन्ही बाजूंना हवी ती साक्ष मिळते. हुप्प्याकडे बघून कुणी बालहत्येचा कायदा बदलत नाही, तसंच माद्यांकडे बघून विवाहाचा कायदा बदलायचं कारण नाही, आणि न बदलायचंही नाही. ‘अनैसर्गिक’ हा शब्द बाजूला काढला तर खाली उरतो तो वेगळाच प्रश्न : दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीनं एकत्र राहतात, त्यात तिसऱ्या कुणाचं नुकसान होतं का? याचं उत्तर जंगलात मिळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ला ते शोधलं आणि अशा संबंधांना कलम ३७७ लागू नाही असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ला तो निकाल उलटवला आणि ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा मान्य केला. मधल्या, २०१३च्या निकालातही एक शिक्का होता. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांना न्यायालयानं ‘तथाकथित’ हक्क म्हटलं. एक विशेषण लावलं की हक्काचा निम्मा जीव जातो. २०१७च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं या शब्दयोजनेलाच आक्षेप घेतला. १ जुलै २०२४पासून जी भारतीय न्यायसंहिता लागू आहे, तिच्यात ३७७सारखं कलम नाही.

‘विकृती’ आणि ‘आजार’ यांच्यावर फार वेळ घालवायला नको, कारण त्यांचा निकाल ज्यांनी द्यायचा त्यांनी दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९०ला समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढलं. ‘बरं करण्याचे’ उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली कळवलं. तरी शिक्का किती चिवट असतो पाहा. त्याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठात स्त्री-समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्हा’ म्हणून आले. ओरड झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तो अभ्यासक्रम मागं घ्यावा लागला. कायदा गेला, विज्ञानाचा आधार गेला, शब्द मात्र जुन्या फायलीतून नव्या फायलीत उतरत राहिला.

मराठीत या विषयावर सर्वांत प्रभावी ठरलेला शिक्का मात्र वेगळा : ‘अश्लील’. बाकीचे शब्द निदान बोलू देतात, हा बोलणंच बंद करतो. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. वाचक आपले लैंगिक प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही. या प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली असली तरी तोंड बंद झालं ते विचारणाऱ्याचं. गावोगावचा जो वाचक पाकिटात प्रश्न घालून पाठवत होता, त्याला आता विचारायची सोय कमी झाली. मराठी घरांत या विषयाला आजही ‘तसलं काहीतरी’ म्हणतात. त्यातलं ‘तसलं’ हेही त्याच खटल्याचं नातेवाईक.

आता ताजा शिक्का. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात विवाहाच्या याचिकांची सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर केंद्र सरकारनं अर्ज दिला, त्यात या याचिका म्हणजे निव्वळ शहरी उच्चभ्रूंची मतं आहेत असं म्हटलं. सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी विचारलं ते अगदी साधं होतं : याला आधार काय, सरकारकडे तसा काही विदा आहे का? १७ ऑक्टोबर २०२३च्या आपल्या निकालपत्रात त्यांनी समलिंगी असणं शहरी किंवा उच्चभ्रू नसतं, या एका मुद्द्यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं.

नागझिऱ्याच्या बाजूनं हा शब्द तपासायला मजा येते. इथून मुंबई हजारेक किलोमीटर. आपल्या विदर्भात उघडपणे झालेली उदाहरणं कोणती? ३० डिसेंबर २०१७ला यवतमाळात, कलम ३७७ अजून जिवंत असताना, एका तरुणानं आपल्या परदेशी जोडीदाराबरोबर विवाहसमारंभ केला. तो अमेरिकेत नोकरीला होता. २०२१च्या डिसेंबरअखेर नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी अंगठ्या बदलल्या. परदेशातली नोकरी आणि डॉक्टरकी. म्हणजे उच्चभ्रू हा शब्द बरोबरच की, असं कुणी म्हणेल. त्याचं म्हणणं झटकून टाकू नये. पण नीट पाहिलं तर ही दिसलेल्या माणसांची यादी आहे, असलेल्या माणसांची नव्हे. ज्याचा पगार घरच्यांच्या हातात नाही, ज्याला गावात राहायचीच सक्ती नाही, तो दिसू शकतो. आणि न दिसणाऱ्यांपैकी कुणी चुकून उजेडात आलं तर काय होतं, ते शेजारच्या मध्य प्रदेशात १९८७ साली कळलं. पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी आपसांत लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. शिपाई होत्या त्या. कुठल्या मापानं उच्चभ्रू?

शिवाय समजा, मागणारे सगळे शहरी आणि सुखवस्तू निघाले. मग काय? मागणारा कोण यावरून मागणी बरोबर की चूक ठरत असेल, तर महाराष्ट्रातला विधवा पुनर्विवाहाचा अख्खा लढा निकालात काढावा लागेल. तो मूठभर पांढरपेशा घरांचाच प्रश्न होता.

त्या लढ्याकडे शिक्क्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर एक गंमत दिसते. १८६६ साली विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, १८६९ला त्यांच्यातला पहिला विवाह लागला, बहिष्कार पडले आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढं मोठा शास्त्रार्थ होऊन निर्णय विरोधात गेला. धर्म बुडाला म्हणून आकांत. आणि त्याच वेळी, त्याच पुणे जिल्ह्यात आणि आमच्या विदर्भातही, बहुसंख्य जातींतल्या विधवा रीतसर दुसरा नवरा करत होत्या. त्याला पाट म्हणत, कुठं मोहतूर म्हणत. पेशवाईत सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. घटना तीच : नवरा वारलेली बाई, दुसरा पुरुष, जातीच्या साक्षीनं संसार. पाट म्हटलं की कर भरा आणि नांदा. पुनर्विवाह म्हटलं की जग बुडालं. कारण ‘विवाह’ या शब्दाबरोबर प्रतिष्ठा येत होती आणि भांडण त्या प्रतिष्ठेचं होतं. पाट रात्री, गुपचूप, कमी वाजंत्रीनं लागे. तो तसा लागत होता तोवर कुणाची हरकत नव्हती. समलिंगी जोडप्यांना आज ‘घरात काय करायचं ते करा, लग्न कशाला हवं’ असं म्हणतात, त्याचा सूर मला फार ओळखीचा वाटतो.

‘आपल्या संस्कृतीतलं लग्न’ हा शब्दप्रयोगही याच जागी तपासावा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे हौसेनं होतं. उत्तर हिंदुस्थानात हे ऐकून लोक कानांवर हात ठेवतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं ते नात्याच्या बंदीत टाकलं आणि रूढी असेल तर चालेल अशी वाटही ठेवली. आणि हा कायदा अनुसूचित जमातींना, सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, लागूच नाही. म्हणजे नागझिऱ्याच्या आसपासच्या गोंड कुटुंबांची लग्नं चालतात ती त्यांच्या रूढीनं. एका गोंदिया जिल्ह्यात लग्नाचे इतके कायदे आणि चालीरीती शेजारी शेजारी नांदतात. यातली कुठली संस्कृती ‘आपली’, हे विचारलं की तो शब्द जरा सांभाळून बोलू लागतो.

आणखी पुढं जाऊ. शब्दाची धास्ती कायदा करणाऱ्यांनाही असते. अमेरिकेनं १९९६ साली समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता नाकारणारा कायदा केला आणि त्याला नाव दिलं ‘विवाहरक्षण कायदा’. नावातच कुणीतरी हल्ला करतंय हे गृहीत. तैवाननं मे २०१९मध्ये उलटी युक्ती केली. समलिंगी जोडप्यांची विवाहनोंदणी सुरू केली, पण कायद्याच्या शीर्षकात विवाह हा शब्दच घातला नाही; घटना न्यायालयाच्या ७४८ क्रमांकाच्या निर्णयाची अंमलबजावणी, असं रुक्ष नाव ठेवलं. विरोधकांना चिडायला शब्द सापडू नये म्हणून. मला ही चलाखी आवडते.

आता समर्थकांकडे वळू. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही सूट देण्यात अर्थ नाही. ‘विवाहसमता’ हा शब्द सुंदर आहे, पण तोही निकाल नावात भरूनच येतो. समतेला विरोध कोण करील? विरोध करणारा विवाहाच्या व्याख्येबद्दल बोलत असतो आणि शब्द त्याला समतेचा शत्रू ठरवून मोकळा होतो. ‘समलिंगीद्वेष्टा’ त्याहून जड. याचं इंग्रजी मूळ जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२च्या पुस्तकातून लोकप्रिय केलं, आणि त्या मूळ शब्दात भयगंडाचा अर्थ आहे. म्हणजे समलिंगी माणसाला शतकभर रोगी म्हणणाऱ्या समाजाला उलट रोगी म्हणायचं. सूड म्हणून समजतं, युक्तिवाद म्हणून पांगळं आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०१२ साली आपल्या बातमीदारांना राजकीय बातम्यांत हा शब्द टाळायला सांगितला तो याच कारणानं. जो बाप मुलाला घराबाहेर काढतो तो आणि ज्या आजीला फक्त ‘बाळा, लोक काय म्हणतील’ याची काळजी आहे ती, या दोघांना एकच बिल्ला लावला की आजीही बापाच्या बाजूला जाऊन बसते. समाजमाध्यमांवर मग एकीकडून ‘सनातनी’ आणि दुसरीकडून ‘फुरोगामी’ यांची फेकाफेक चालते आणि आजीशी बोलायचं राहून जातं.

दोन्हीकडच्या शिक्क्यांत मी फरक मात्र करतो. एका बाजूच्या शब्दामागं दीडशे वर्षं पोलीस होते. दुसऱ्या बाजूच्या शब्दामागं फार तर चिडलेला मजकूर असतो. शब्दाची मोडतोड सारखी असली तरी मार सारखा बसत नाही.

सगळे शब्द बाजूला ठेवले तर काय उरतं? उरतो तो विशेष विवाह कायदा, १९५४चा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, दोघांपैकी एक जण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, नोटीस कार्यालयात ठळक जागी लागते, तीस दिवस हरकतीची वाट पाहायची. हरकत कुणालाही घेता येते, पण कलम ४च्या अटींवरच : दोघांपैकी कुणाचाही आधीचा विवाह अजून कायम नसावा, संमती देण्याइतकं मन शाबूत असावं, नातं निषिद्ध नसावं आणि पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८ पूर्ण असावं. या शेवटच्या अटीतल्या पुरुष आणि स्त्री या दोन शब्दांवर सगळं येऊन थांबतं. त्या जागी ‘व्यक्ती’ वाचता येईल का? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि त्याला शिक्क्याविना दिलेली उत्तरंही आहेत.

विरोधातलं सर्वांत वजनदार उत्तर संस्कृतीचं नव्हतं, ते कलमांचं होतं. याच कायद्यात पत्नीला घटस्फोटाची काही खास कारणं आहेत, पोटगीचा हक्क आहे. सगळीकडे ‘जोडीदार’ घातलं तर स्त्रियांसाठी मुद्दाम ठेवलेलं हे संरक्षण पातळ होतं का? सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सुमारे १६० तरतुदींना धक्का बसेल असं सांगितलं. वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन, हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. न्यायालयानं एक ओढायचा की संसदेनं नवी वीण घालायची, यावर प्रामाणिक माणसं भांडू शकतात, आणि भांडली. ऑक्टोबर २०२३च्या त्या निकालात पीठाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि कायद्याचे शब्द आम्ही बदलणार नाही असं म्हटलं. नोंदणीकृत सहजीवनाचा हक्क आणि दत्तक यांवर मात्र ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. चंद्रचूड आणि संजय किशन कौल अल्पमतात राहिले. राज्यांची मतं मागवली होती, त्यात महाराष्ट्रानं विषयाला सखोल चर्चा हवी म्हणून वेळ मागितला. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ला फेटाळल्या गेल्या.

बाकी जगात वेगवेगळे रस्ते निघाले. नेपाळात नोव्हेंबर २०२३मध्ये लमजुंग जिल्ह्यात समलिंगी विवाहाची पहिली नोंद झाली. थायलंडनं कायद्यातले लिंगवाचक शब्द बदलले, तो कायदा २३ जानेवारी २०२५ला लागू झाला.

भारतात दार पूर्ण बंद आहे असं मात्र नाही, आणि हा भाग चर्चेच्या गदारोळात हटकून हरवतो. निकालानंतर केंद्रानं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समलिंगी जोडीदाराला शिधापत्रिकेसाठी त्याच कुटुंबातला सदस्य धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ला स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला खात्यासाठी नामनिर्देशित करायला कुठलीही आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेनं तसं बँकांना आधीच कळवलं होतं. तेव्हा आमगाव, तिरोडा, सडक अर्जुनी, कुठल्याही शाखेत तुम्ही दोघं फॉर्म भरायला गेलात आणि पलीकडच्या माणसानं ‘नातं काय लिहू?’ असं विचारलं, तर वाद घालत बसू नका. पत्रकाची तारीख सांगा आणि नामनिर्देशनाची पोच मागून घ्या.